उपवास आणि औषध : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी काही सूचना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानासाठी विषय निवडताना मी बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारला जाणारा प्रश्न निवडला. ‘डॉक्टर, सोळा तास उपाशी राहिले तर साखर जाते म्हणतात, खरे का?’ कोणी ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतो, कोणी ‘दीक्षित डाएट’ म्हणतो, तर कोणी ‘दोन वेळचे जेवण’ म्हणतो. प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत; परंतु न विचारता उपवास सुरू करणारे त्याहून अधिक आहेत, आणि माझी खरी चिंता त्यांच्याविषयी आहे. आजच्या बोलण्याचे सार आरंभीच सांगून टाकतो. उपवास करावा की नाही, हा दुसरा प्रश्न आहे. उपवास करतो आहे हे डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगणे, ही पहिली पायरी आहे.

उपवास आपल्याला नवा नाही

कोल्हापूरकरांना उपवास शिकवायला कोणी बाहेरून येण्याची गरज नाही. हे करवीरनिवासिनी अंबाबाईचे क्षेत्र आहे. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणारी, किंवा निदान ‘उठता-बसता’ करणारी व्यक्ती बहुतेक प्रत्येक घरात आढळते. आषाढी-कार्तिकीची एकादशी, श्रावणी सोमवार, संकष्टी, महाशिवरात्र हे आहेतच. आपल्या व्रतपरंपरेत दिवसातून एकदाच जेवण्याला ‘एकभुक्त’ आणि केवळ रात्री जेवण्याला ‘नक्त’ अशी स्वतंत्र नावे आहेत. या जिल्ह्यातील जैन शेतकरी कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. मुस्लिम बांधव रमजानचा महिनाभर पहाटेच्या सहेरीपासून सायंकाळच्या इफ्तारपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत.

मग नवे काय आहे? नवा आहे तो हेतू. पूर्वी उपवास देवासाठी होता, आता तो वजनासाठी आणि साखरेसाठीही होऊ लागला आहे. महाराष्ट्रात या विचाराचा प्रसार प्रामुख्याने दोन नावांशी जोडलेला आहे. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा आग्रह धरला. त्यांच्या निधनानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती कल्पना स्वतःवर अजमावली आणि गावोगावी व्याख्याने देऊन ती घराघरांत पोहोचविली. खरी भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्यात, त्या दोनच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, आणि मधल्या वेळेत इन्शुलिन वाढविणारे काही घेऊ नये, असा त्यांचा साधा नियम आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूतही नेमले होते. दुसऱ्या बाजूला, थोडे थोडे व वारंवार खावे असे सांगणारे आहारतज्ज्ञही आहेत, आणि या दोन मतांमध्ये सामान्य माणूस गोंधळून जातो.

शास्त्र काय सांगते

आपण जेवलो की रक्तातील साखर वाढते, तिला पेशींत पोहोचविण्यासाठी इन्शुलिन स्रवते, आणि उरलेल्या साखरेचा काही भाग यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठतो. हा साठा फार मोठा नसतो. तो साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असतो. रात्रभर काही न खाल्ल्यास तो बराच वापरला जातो आणि शरीर साठलेल्या चरबीकडे वळते. खाण्यात दीर्घ अंतर ठेवण्यामागे हा विचार आहे. उपासमारीच्या काळात पेशी स्वतःतील जुने, निकामी घटक मोडून पुन्हा वापरतात. या प्रक्रियेवरील मूलभूत संशोधनासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांचे ते काम प्रामुख्याने यीस्टवर झालेले होते, ही गोष्ट भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांत कोणी सांगत नाही.

माणसांवरील प्रयोगांचे निष्कर्ष अधिक संयत आहेत. चीनमधील ग्वांगझू येथे लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कमी उष्मांकांचा समान आहार दिला होता. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच घ्यायचा होता, दुसऱ्यावर वेळेचे बंधन नव्हते. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्याचे ६.३ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय ठरला नाही. याचा अर्थ असा की, घड्याळाने मदत होते ती मुख्यतः आपण कमी खातो म्हणून. अमेरिकेतील २०२० च्या एका अभ्यासात उपवासाच्या गटाचे वजन थोडे घटले खरे, परंतु त्यात स्नायूंचाही मोठा वाटा होता. २०२४ मध्ये अमेरिकेतच मांडल्या गेलेल्या एका पाहणीत आठ तासांहून कमी वेळात सर्व अन्न घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जास्त आढळले. त्यावरून उपवासानेच हृदयविकार होतो असे सिद्ध होत नाही. पण जितके जास्त तास तितका जास्त लाभ, हा समज सोडून देण्यास ते पुरेसे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना देखरेखीखाली काही महिने अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. वर्षभराने त्यांच्यापैकी ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. म्हणजे वजन पुरेसे घटले तर अनेकांच्या बाबतीत मधुमेह मागे हटतो, ही आशा खोटी नाही. पण त्या अभ्यासात आरंभालाच औषधांचा फेरविचार डॉक्टरांनी केला होता. आपल्याकडे रुग्ण आहार बदलतो आणि औषध तसेच चालू ठेवतो, किंवा दोन्ही स्वतःच बदलतो. धोका येथे आहे.

गोळीला तिथी कळत नाही

समजा, साठीच्या एक आजी आहेत. मधुमेहासाठी रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी निरंकार उपवास धरला. औषध चुकवायचे नाही, हे डॉक्टरांचे वाक्य त्यांच्या पक्के लक्षात आहे, म्हणून गोळी घेतली. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती पाहत नाही. दुपारी दर्शनाच्या रांगेत त्यांना घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. भोवतालच्या मंडळींना वाटते, उन्हाने आणि उपवासाने ग्लानी आली. देवीचा दिवस आहे, थोडे पडू द्या. खरे पाहता ती रक्तातील साखर घसरल्याची लक्षणे असतात, आणि उशीर झाला तर मेंदूला इजा होऊ शकते.

या आजींनी डॉक्टरांना आधी का सांगितले नाही? कारण डॉक्टर ‘उपवास बंद करा’ म्हणतील ही भीती. आणि अनेक डॉक्टर खरोखरच तेवढेच म्हणून मोकळे होतात. त्यामुळे रुग्ण लपवितो, डॉक्टरांना कळत नाही, आणि दोघांच्या मधल्या जागेत अपघात घडतो. म्हणून माझी विनंती दोघांनाही आहे. रुग्णाने सांगावे, आणि डॉक्टरांनी रागावण्याऐवजी गोळ्यांचा कागद मागवून घ्यावा.

त्या कागदावर काय पाहायचे, हे थोडक्यात सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या आणि इन्शुलिन यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक रीतीने घसरू शकते. यांची मात्रा व वेळ आधीच बदलून घ्यावी लागते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. दीर्घ उपवासात त्यांच्यामुळे शरीरातील पाणी कमी होऊ शकते आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे होत. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांना उपवासात चक्कर येऊ शकते. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. फिट्स, क्षयरोग, हृदयाची झडप यांची औषधे, तसेच स्टिरॉइड, उपवासासाठी एक दिवसही स्वतःहून बंद करू नयेत.

आणि हे ऐकून कोणाच्या श्रद्धेला धक्का बसू नये. पाणी, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे आपल्या परंपरेनेच मानले आहे. इस्लाममध्येही आजाऱ्याला व प्रवाशाला रोज्यातून सवलत दिलेली आहे. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे मत अनेक धर्मजाणकारांनी दिलेले आहे.

कोणी हा मार्ग धरू नये

टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या माता, १८ वर्षांखालील मुले-मुली, मुळातच वजन कमी असलेले, क्षयरोगावर उपचार घेणारे, मूत्रपिंडाचा वा यकृताचा गंभीर विकार असलेले, वारंवार साखर घसरणारे, अशक्त वृद्ध, आणि खाण्यासंबंधीचा मानसिक विकार होऊन गेलेले यांनी वजनासाठी उपवास करू नये. तालमीत घाम गाळणाऱ्या होतकरू मल्लांनीही खासबागेच्या मैदानापूर्वी वजन उतरविण्यासाठी पाणी तोडून उपाशी राहण्याचा मार्ग धरू नये.

सुरुवात कशी करावी

ज्यांना वरील अडचणी नाहीत आणि ज्यांनी डॉक्टरांशी बोलून घेतले आहे, त्यांनी सोळा तासांपासून आरंभ करू नये. बारा तासांपासून करावा. रात्री ८ वाजता जेवण, सकाळी ८ वाजता न्याहारी. ऐकायला हे अगदी सोपे वाटते. पण आपल्या शहराची दिनचर्या आठवून पाहा. रात्री उशिरा जेवण, त्यानंतर गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन पेलाभर म्हशीचे दूध, पहाटे उठल्याबरोबर साखरेचा चहा, त्याबरोबर खारी. बहुतेकांच्या बाबतीत खाण्याविना जाणारे तास आठसुद्धा भरत नाहीत. तेव्हा पहिले दोन आठवडे एवढेच करावे : रात्रीच्या जेवणानंतर काही नाही, आणि न्याहारीपूर्वी साखर-दुधाचा चहा नाही. पाणी हवे तितके चालेल.

हे अंगवळणी पडले की रात्रीचे जेवण तासभर अलीकडे आणावे, मग आणखी थोडे. चौदा तासांचे अंतर बहुतेकांना पुरेसे आहे. अंतर वाढवायचे ते शक्यतो सायंकाळच्या बाजूने. सकाळी उपाशी राहून रात्री दहा वाजता तांबडा-पांढरा रस्सा भरपेट घेण्यापेक्षा, सूर्यास्ताच्या सुमारास जेवण्याची आपल्या जैन शेजाऱ्यांची रीत साखरेच्या दृष्टीने अधिक हिताची आहे.

पहिल्या आठवड्यात डोके दुखणे, चिडचिड, आम्लपित्त, बद्धकोष्ठ हे त्रास संभवतात. डोके दुखण्यामागे अनेकदा पाणी कमी पडणे किंवा चहा अचानक तोडणे असते. पाणी वाढवावे, चहा हळूहळू कमी करावा. पातळ, साखर नसलेले ताक चालते. रक्तदाब असलेल्यांनी त्यात मीठ घालू नये. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी, त्याच काट्यावर करावे. उपवास सुरू करण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासून घ्यावे. फायदा झाला की नाही हे त्यावरून ठरवावे, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे.

उपवास सोडताना

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात आणि प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नसतात. त्यात बटाटा आणि तूप घातले की खिचडीची एक बशी चारशे-पाचशे उष्मांकांची सहज होते. मधुमेह्याने दिवसभर उपाशी राहून साबुदाणावडा खाणे म्हणजे साखरेला आधी खाली ढकलून मग उंच उडविणे होय. त्यापेक्षा राजगिरा, भाजलेले शेंगदाणे, दही, काकडी, एखादे फळ हे बरे. वरई घ्यायची तर ती बंद पाकिटातील, मुदत पाहून घ्यावी. सुटे पीठ घेऊ नये, आणि शिजवलेली भगर फार वेळ ठेवू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात एकादशीच्या प्रसादातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली होती, हे विसरू नये.

आरोग्यासाठी दोन वेळच जेवणाऱ्यांनी त्या दोन जेवणांत दिवसभराची प्रथिने बसविली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ताटाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करावी, सोबत दही वा अंडी, जमत असेल तर मासे, आणि शेवटी भाकरी. भात थोडा. मटकीची उसळ उत्तम. पण तिच्यावर तर्री, फरसाण आणि चार ब्रेडचे तुकडे आले की ती मिसळ होते, एवढे ध्यानात असावे. आणि रोज निदान अर्धा तास चालावे.

घरच्यांनी काय जाणावे

आता रुग्णांच्या नातेवाइकांसाठी अत्यंत महत्त्वाचे. मधुमेही माणसाला उपवासात घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा विचित्र बोलणे सुरू झाले तर वाट पाहू नका. साखर तपासता आली तर तपासा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोयच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. प्रसादाचा पेढा देऊ नका. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, आणि बरे वाटताच खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वास अडकेल. तडक रुग्णालयात आणा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेल्या रुग्णाची साखर सावरल्यावर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी थांबू नका, तपासणीसाठी आणाच. उलटपक्षी साखर ३०० च्या वर गेली, तरीही त्या दिवशीचा उपवास सोडलेला बरा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत, आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या माणसांना रात्रीचे जेवण लवकर घेणे आणि मधले खाणे सोडणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि त्यांनी तो जरूर करून पाहावा. पण जे उंबरठा ओलांडून आत आले आहेत, त्यांच्यासाठी उपवास बिनखर्चाचा नाही. त्याला तपासणी लागते.

देणगीदार बंधू-भगिनींनो, येथे मला आपल्याकडे एक गोष्ट मागायची आहे. यंत्रे आणि इमारती डोळ्यांना दिसतात, त्यांवर नावे कोरता येतात. साखर तपासण्याची पट्टी वापरून फेकून दिली जाते, तिच्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. पण मोलमजुरी करणारी बाई नवरात्रात उपवास करणारच, आणि पट्टीचा खर्च परवडत नाही म्हणून ती अंधारात उपवास करते. नवरात्र, श्रावण आणि रमजान यांपूर्वी अशा रुग्णांना ग्लुकोमीटर व पट्ट्या हाती देता आल्या आणि त्यांचा गोळ्यांचा कागद एकदा तपासता आला, तर कित्येक घरांतील सण सणासारखे पार पडतील. विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती करतो.